यारीचे टन आणि यारीचे श्रम

विहिरींवर मोटा चालत त्या काळीं कृष्णाकांठचा शेतकरी बैल घेतांना केवळ त्याचा बांधा पाहत नसे. तो दिवसभर मोटेस जुंपावयाचा, कीं जत्रेपुरता गाडीस, हेंहि मनांत धरी. कारखान्याच्या छपराखालून रुळांवर धावणारी यारी निवडतांना हाच विवेक लागतो.

औंध संस्थानांत १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली व तेथें लोखंडी नांगर घडूं लागले. आज सातारा व सांगली जिल्ह्यांत ओतशाळा, यंत्रशाळा व साखर कारखाने आहेत. यारी घेणारा प्रथम विचारतो, 'किती टनांची?' प्रश्न योग्य, परंतु अर्धाच होय. ऊस उतरविणारी यारी हंगामाचे चार-पांच महिने रात्रंदिवस राबते. याउलट, कोयनेचें पाणी ज्या पोफळीच्या भूमिगत वीजगृहांत उतरतें, तशा ठिकाणची यारी यंत्रें बसवितांना वा दुरुस्तीच्या वेळीं प्रचंड भार उचलते आणि एरवीं बहुतेक उभीच असते.

म्हणून भारतीय मानक ३१७७ मध्यें यारीच्या यंत्रणांचे एम-१ ते एम-८ असे आठ वर्ग मानले आहेत. वर्ग ठरतो तो दोन गोष्टींवरून : यंत्रणा आयुष्यांत एकंदर किती तास प्रत्यक्ष चालणार, आणि तिच्यावर जड भार कितीदां येणार. यंत्रशाळेंतील यारी रोज १ तास, वर्षांतून ३०० दिवस, १० वर्षें चालली तर ३,००० तास भरतात. भार बहुधा हलका असल्यास एम-३ पुरतो. उसाची यारी रोज १० तास, १५० दिवस, १० वर्षें चालली तर १५,००० तास होतात. भार नेहमींच जड असल्यास एम-८ लागतो. या हिशेबांत भाराचा घन धरितात. निम्म्या भाराची झीज पूर्ण भाराच्या एक-अष्टमांशच समजतात. उचलण्याच्या व धावण्याच्या यंत्रणांचे वर्ग निरनिराळेहि असूं शकतात.

वर्ग कमी धरला तर दंतचक्रें व ब्रेक अकालीं झिजतात, आणि यारीखालीं माणसें वावरत असतात. उगाच वरचा धरला तर पैसा व्यर्थ जातो. वरचा वर्ग म्हणजे अधिक वजन उचलण्याचा परवानाहि नव्हे. दहा टनांची यारी दहाच टनांची राहते.

यास्तव मागणीपत्र लिहिण्यापूर्वीं कारखानदारानें वहींत हिशेब मांडावा : दिवसांत किती उचली, प्रत्येकीस किती वजन, किती मिनिटें. योग्य वर्ग त्या वहींतच सांपडतो.