केसपेपरवर खरं कारण लिहून घ्या

कॅज्युअल्टीत ड्युटी करताना एक वाक्य मी कितीदा तरी ऐकलं : "सिस्टर, घरात पाय घसरून पडले." ड्रेसिंग करताना खरी गोष्ट बाहेर यायची. चाळीच्या जिन्याची पायरी कुजलेली, कठडा धरला तर तोच निखळलेला. मालकाला सांगून थकले होते. मग हे डॉक्टरांना का सांगितलं नाही? "मालक खोली खाली करायला लावेल. शिवाय त्याचा विमा नाही, देणार कुठून?"

ताई-दादांनो, इथेच आपण फसतो. विमा नसला म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जिथे लागू आहे, तिथे कलम १४ प्रमाणे भाडेकरूचं घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं मालकाचं काम आहे. नियमित भाडं भरणाऱ्या भाडेकरूला तो न्यायालयाच्या आदेशाशिवाय बाहेर काढू शकत नाही.

मालकाच्या हयगयीने इजा झाली हे सिद्ध झालं, तर दिवाणी न्यायालय उपचारांचा खर्च, बुडालेली मजुरी आणि कायमच्या अपंगत्वाची भरपाई देऊ शकतं. निकालानंतरही त्याने पैसे दिले नाहीत, तर दरखास्त दाखल करून त्याची इमारत किंवा बँक खातं जप्त करता येतं. भरपाई बुडवण्यासाठी तो मालमत्ता विकायला निघाला, तर निकालाआधीच जप्तीचा अर्ज करता येतो.

पण हे सगळं पुराव्यावर उभं राहतं आणि पहिला पुरावा दवाखान्यात तयार होतो. म्हणून :

- केसपेपरवर "मोडक्या जिन्यावरून पडून" असं कारण, जागा आणि वेळ लिहून घ्या. एमएलसी नोंदवायला सांगा.
- दुरुस्तीआधी पायरीचे, कठड्याचे फोटो काढा. शेजाऱ्यांची नावं लिहून ठेवा.
- एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, भाडेपावत्या, कामावरच्या खाड्यांची नोंद एका पिशवीत ठेवा.
- मालकाला दुरुस्तीची मागणी लेखी द्या, पोच घ्या. तोंडी सांगणं कोर्टात टिकवणं अवघड जातं.
- दाव्याला मुदत असते. बरं होण्याची वाट पाहू नका, लगेच वकिलाला भेटा.

वकिलाच्या फीची भीती नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीत आपले बौद्ध बांधवही येतात, म्हणून जातीचा दाखला सोबत न्या. हेल्पलाइन १५१००. मालक तडजोडीला तयार असेल तर लोक अदालतीत मिटवा. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो. कोऱ्या कागदावर अंगठा मात्र देऊ नका.

हाड सहा आठवड्यांत जुळेलही. पण पहिल्या दिवशी केसपेपरवर चुकीचं लिहिलेलं कारण वर्षानुवर्षं आडवं येतं.