बुधवार पेठ, पण कुठली?

बुधवार पेठ म्हटलं की होस्टेलवर आधी खी-खी, मग पासोड्या विठोबाजवळची रेझिस्टर-कपॅसिटरची दुकानं, आणि परीक्षा आली की अप्पा बळवंत चौक. माझ्या आजीचं माहेर तिथलंच. सुट्टीत ग्रॅम्प्स या फुकट सॉफ्टवेअरमध्ये घराण्याची वंशावळ भरायला बसलो. आजीच्या जन्मापुढे टाकलं 'पूना', तिच्या धाकट्या भावापुढे 'बुधवार पेठ, पुणे'. झालं! एकाच वाड्यातली भावंडं दोन गावची झाली.

खरं तर ठिकाणाची नोंद एकच ठेवायची आणि तिला नावं हवी तेवढी द्यायची, तारखांसकट. औरंगजेबाच्या काळात याच पेठेला मुहियाबाद म्हणत, तेही त्याच नोंदीत बसतं. पेठ शहरात, शहर जिल्ह्यात, जिल्हा राज्यात अशी उतरंड लावायची. तिलाही तारखा असतात: १ मे १९६० च्या आधी मुंबई राज्य, त्या दिवसापासून महाराष्ट्र. म्हणजे आजीच्या १९५२ च्या जन्माखाली आपोआप मुंबई राज्य दिसतं.

हे जमलं म्हणून जोशात मी सगळ्या 'बुधवार पेठ' नोंदी एकत्र करून टाकल्या. आजी स्क्रीनकडे बघून म्हणाली, "अरे, आक्का सोलापूरची! ती कुठली पुण्यात जन्मायला?" बुधवार पेठ सोलापुरात आहे, कोल्हापुरातही आहे. आणि बॅकअप घेतला नव्हता (म्हणे इंजिनिअर!). सतरा नोंदी आजीला एकेक विचारून परत हाताने सुट्या केल्या. दोघांचं तिलाही आठवेना. त्यांच्यापुढे सध्या नुसतंच 'बुधवार पेठ' आहे, गाव रिकामं.