साच्याविना उभा राहिलेला घुमट

फ्लॉरेन्समधल्या सांता मारिया देल फिओरे या कॅथीड्रलचं बांधकाम १२९६ साली सुरू झालं. भिंती उठल्या, खांब उभे राहिले, पण मधली अष्टकोनी पोकळी वरून उघडीच राहिली. तिच्यावर सुमारे पंचेचाळीस मीटर रुंदीचा घुमट चढवायचा, हे पुढे ठरलं. तो कसा चढवायचा, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं! कोणीतरी वाट काढेल, या भरवशावर पिढ्यान् पिढ्या काम चालूच राहिलं. इटलीच्या या शहरात तुम्ही दोनच दिवस असाल, तर सुरुवात इथूनच करा.

अडचण नेमकी काय होती? कमान किंवा घुमट बांधताना खाली लाकडी साचा उभा करतात, त्यावर विटा रचतात आणि चुना घट्ट झाला की साचा काढून घेतात. इथे घुमटाची सुरुवातच जमिनीपासून पन्नास मीटरहून अधिक उंचीवर व्हायची होती. एवढ्या साच्याला लागणारं लाकूड आणायचं कुठून आणि ते तोलून धरायचं कसं? १४१८ साली स्पर्धा जाहीर झाली. सोनारकामात तयार झालेल्या फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने सांगितलं, की आपण साच्याशिवाय घुमट बांधू. १४२० मध्ये काम सुरू झालं आणि १४३६ मध्ये घुमट पूर्ण झाला.

त्याची युक्ती आजही डोळ्यांनी पाहता येते. घुमट वर जाताना आत झुकतो, त्यामुळे ओल्या चुन्यावरच्या विटा घसरून खाली यायला हव्यात. ब्रुनेलेस्कीने आडव्या विटांच्या रांगेत ठरावीक अंतरावर एकेक वीट उभी लावली. कपाटातली पुस्तकं कलंडू नयेत म्हणून आपण दोन्ही बाजूंना आधार लावतो, तशा या उभ्या विटा मधल्या आडव्या विटांना धरून ठेवतात. एक थर पूर्ण झाला, की तो स्वतःचा भार स्वतः पेलतो आणि वरच्या थराचा पाया होतो. उभ्या विटांची ओळ तिरकी वर सरकत जाते आणि माशाच्या काट्यासारखी नक्षी दिसते. ती शोभेसाठी नाही, घुमट तोलण्यासाठी आहे.

शिवाय घुमट एक नाही, दोन आहेत. आतला जाड, बाहेरचा पातळ आणि मध्ये पोकळी. घुमट बाहेरच्या बाजूला फाकू नये म्हणून दगड, लोखंड आणि लाकूड वापरून केलेली कडी त्याला आतून आवळून धरतात. वजन वर नेण्यासाठी ब्रुनेलेस्कीने बैलांनी ओढायचं यंत्र तयार केलं. त्यात दाते असे बदलता येत, की बैल त्याच दिशेने फिरत राहिले तरी ओझं वरही जाई आणि खालीही येई. घुमटाच्या माथ्यावर शिल्पकार वेरोक्कियोच्या कारखान्यात घडवलेला तांब्याचा गोळा १४७१ साली चढला. त्या कारखान्यात शिकणाऱ्या तरुण लिओनार्दो दा विंचीने पुढे ब्रुनेलेस्कीची यंत्रं आपल्या वह्यांमध्ये रेखाटली.

माथ्यावर जायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. ही वाट दोन्ही घुमटांमधल्या पोकळीतूनच जाते. एका हाताला आतला घुमट, दुसऱ्या हाताला बाहेरचा. जगात फार थोड्या इमारती आपलं गुपित असं आत शिरून पाहू देतात.

याच घुमटात आणखी एक नवल दडलं आहे. १४७५ च्या सुमारास पाओलो तोस्कानेल्ली या गणितज्ञाने वर एक भोक असलेली कांशाची पट्टी बसवली. उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस जवळ आला, की दुपारी सूर्याचा कवडसा जवळजवळ नव्वद मीटर खाली उतरून फरशीवर पडतो. १७५५ साली लिओनार्दो झिमेनेस याने याच कवडशावरून पृथ्वीचा आस किती कललेला आहे आणि तो कल कसा बदलतो, याचा अभ्यास केला. प्रार्थनेची जागा काही क्षणांपुरती वेधशाळा होते!

एवढी धमक आणि एवढा पैसा या शहरात आला कुठून? लोकर आणि सावकारी हे त्याचं उत्तर. १२५२ पासून पाडलं जाणारं फ्लोरिन हे सोन्याचं नाणं युरोपभर विश्वासाने चाले. कॅथीड्रलच्या कामाची देखरेख लोकर व्यापाऱ्यांच्या संघाकडे होती. कॅथीड्रलचं काम पाहणाऱ्या संस्थेच्या आवारात, आधीच्या शिल्पकारांनी अर्धवट सोडलेली संगमरवराची शिळा कित्येक वर्षं पडून होती. १५०१ साली ती तरुण मायकेलअँजेलोकडे आली आणि १५०४ पर्यंत तिच्यातून डेव्हिडचा पाच मीटरहून उंच पुतळा बाहेर आला. मूळ मूर्ती १८७३ पासून अकादेमिया संग्रहालयात आहे. सिन्योरिया चौकात दिसते ती प्रतिकृती.

पण निर्मितीइतकीच थोर गोष्ट आहे ती हे सगळं टिकल्याची. शहरावर राज्य करणाऱ्या मेडिची घराण्याची मुख्य शाखा १७३७ मध्ये खुंटली आणि सत्ता परक्या घराण्याकडे गेली. राज्य बदललं, की राजवाड्यातली चित्रं गाड्यांत भरून दूर जातात, असा इतिहासाचा अनुभव. घराण्याची शेवटची वारस आना मारिया लुइझा हिने नव्या राज्यकर्त्यांशी करार केला. घराण्याचा कलासंग्रह त्यांना मिळेल. मात्र राज्याची शोभा, लोकांचा उपयोग आणि परदेशी पाहुण्यांचं कुतूहल यांसाठी तो फ्लॉरेन्समध्येच राहील. उफिझी संग्रहालयात बोत्तिचेल्लीच्या चित्रांसमोर आपण उभे राहू शकतो, ते त्या करारामुळे. आपल्या येण्याचा विचार तिने पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी करून ठेवला होता.

काही गोष्टी नशिबानेही वाचल्या. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने आर्नो नदीवरचे पूल उडवले, फक्त १३४५ चा पोंते वेक्किओ तेवढा सोडला. पण सगळंच वाचलं नाही. ४ नोव्हेंबर १९६६ च्या महापुरात चिमाबुएने रंगवलेला सांता क्रोचे चर्चमधला क्रूस चिखलात सापडला आणि त्याचा बराच रंग कायमचा गेला. तेव्हा देशोदेशीचे तरुण गुडघाभर चिखलात उतरून ग्रंथ आणि चित्रं बाहेर काढत होते.

आता थोडं व्यवहाराचं. घुमटासाठी दिवस आणि वेळ ठरवून तिकीट आधीच काढा. उफिझी आणि अकादेमिया सोमवारी बंद असतात. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. जुन्या शहरातलं बहुतेक सगळं पायी जाण्याच्या अंतरात आहे, त्यामुळे वाहनाची चिंता नको. उफिझी एका फेरीत संपवायचा हट्ट धरू नका. मोजकी दालनं निवडा आणि तिथे वेळ काढा.

मराठी माणसाने आणखी एक जागा पाहायलाच हवी. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, हिंदू रीतीने त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथे काशिने उद्यानाच्या टोकाला १८७४ पासून त्यांचा अर्धपुतळा असलेली छत्री उभी आहे. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे वास्तुकारही तेच. पर्यटकांच्या नेहमीच्या यादीत हे ठिकाण नसतं. तुमच्या यादीत ते आजच लिहून ठेवा.