तान्ह्या बाळाला पाणी किती?



उसाला पाण्याची पाळी किती दिवसांनी द्यावी, हे आम्ही एरवी सांगतोच. आज कोपीवरच्या तान्ह्या बाळाविषयी लिहितो. हंगाम लांबला की मार्चात सोलापूरचे ऊन पोळू लागते. तोडकरी बाई पहाटेच फडात जाते, बाळ आजीपाशी. ते रडले की आजी चमच्याने साखरपाणी पाजते. "एवढ्या उन्हात लेकरू तहानलंय की वो!" बोलणे मायेचेच, पण पहिले सहा महिने अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळाला वरचे पाणी थेंबभरही लागत नाही.

आईच्या दुधात शंभरात सुमारे ८७ भाग पाणीच असते. दिल्लीत उन्हाळ्यात केलेला अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यातही अशा बाळांना वरच्या पाण्याची गरज दिसली नाही. उलट पाण्याने इवले पोट भरते, बाळ दूध कमी ओढते, आणि ओढ कमी झाली की दूधही आटते. शिवाय पाणी टँकरचे असले तर जुलाब ठरलेलेच.

पहिल्या दिवशी एका वेळी चमचा-दीड चमचा चीक पुरतो. वासराचा चीक आपण चुकवीत नाही. बाळाचा मात्र काही घरांत पिळून टाकतात, हे नवलच! आठवडाभरात गरज वाढून दर किलो वजनाला रोज सुमारे १५० मिलिलिटर होते. तीन किलोच्या बाळाला साडेचारशे. अंगावरचे दूध मोजायचे कसे? लंगोट मोजा. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा तरी ओले व्हावेत. लघवी कमी, टाळू खोल, बाळ मलूल दिसले तर दवाखाना गाठा.

डब्याचे दूध असेल तर डब्यावरच्या मापानेच करा. पुरवठ्यासाठी पातळ केले तर बाळाची वाढ खुंटते, झटकेही येऊ शकतात. सहा महिन्यांनंतर वरच्या अन्नाबरोबर उकळून गार केलेले पाणी थोडे थोडे द्यावे.

आता मुकादम मंडळींना. गाडी भरायची घाई आम्हासही कळते. पण बाळ कोपीवर आणि आई दिवसभर फडात, मग आजीने तरी काय करावे? बाळ फडाजवळ सावलीत ठेवू द्या, दोन-तीन तासांनी बाईला पाजायला सोडा. ज्यांच्या शेतात तोड असेल त्या सभासदांनी पिण्याच्या पाण्याचा माठ बांधावर भरून ठेवावा. तो बाळासाठी नव्हे, आईसाठी.