चौघांची उजळणी, ज्याची त्याची आठवण

बी.ए.चा मानसशास्त्राचा पेपर असो की नेट-सेट, परीक्षा आठ-दहा दिवसांवर आली की कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये आणि वाचनालयाच्या पायऱ्यांवर चार-चार जणांची कोंडाळी बसू लागतात. एकीच्या नोट्स, बाकीच्यांकडे त्यांच्या झेरॉक्स आणि मध्ये चहा. माणूस कसा विसरतो, गटात कसा वागतो हे सगळे ज्या पुस्तकात छापलेले असते, तेच पुस्तक ही मंडळी पाठ करत असतात. अभ्यासाची पद्धत मात्र ऐकीव असते.

गैरसमज १: एकाने वाचले, बाकीच्यांनी ऐकले की सगळ्यांची उजळणी होते.

वस्तुस्थिती: ऐकताना ‘हे तर येतंय’ असे वाटते, कारण मजकूर ओळखीचा असतो. पेपरात ओळखून भागत नाही, कोऱ्या पानावर आठवून लिहावे लागते. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला, तर काहींनी एकदा वाचून मग आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने पारडे फिरले: लिहून काढणाऱ्यांना 56 टक्के आठवले, नुसते वाचणाऱ्यांना 42. म्हणून गटाने वाचन घरी उरकावे आणि एकत्र बसल्यावर पुस्तक मिटून एकमेकांना प्रश्न विचारावेत.

गैरसमज २: चार डोकी एकत्र आली की जास्त आठवते.

वस्तुस्थिती: एकट्यापेक्षा गटाला जास्त आठवते, एवढे खरे. पण त्याच चौघांनी वेगवेगळे बसून आठवले आणि त्यांच्या याद्या नंतर एकत्र केल्या, तर एकत्रित यादी मोठी निघते. वेल्डन आणि बेलिंजर यांनी 1997 मध्ये हे दाखवून दिले. प्रत्येकाची आठवण्याची साखळी निराळी असते. दुसरा मध्येच बोलला की ती तुटते.

त्यात अंग चोरण्याची भर पडते. लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांच्या 1979 च्या प्रयोगात लोकांना जमेल तेवढ्या जोरात टाळ्या वाजवायला आणि ओरडायला सांगितले होते. गट मोठा होत गेला तसा माणशी आवाज कमी झाला. ‘सांगा बरं, पाव्हलॉवचा प्रयोग?’ असा प्रश्न हवेत सोडला की उत्तर नेहमीची हुशार मुलगीच देते. त्यापेक्षा पहिली दहा मिनिटे सगळ्यांनी गप्प बसून लिहावे, मग वह्या ताडून पाहाव्यात आणि पुढचे प्रश्न नाव घेऊन विचारावेत.

गैरसमज ३: सगळ्यांना पटले म्हणजे उत्तर बरोबर.

वस्तुस्थिती: चूकही संसर्गाने पसरते. रोडिगर, मीड आणि बर्गमन यांच्या 2001 च्या प्रयोगात, जोडीदाराने चित्रात नसलेल्या वस्तू सांगितल्या, तेव्हा त्यांतल्या काही वस्तू पाहिल्याचे लोक नंतर स्वतःहून सांगू लागले.

मानसशास्त्राच्या कोंडाळ्यातली हमखास चूक म्हणजे ‘ऋण प्रबलन म्हणजेच शिक्षा’. कुणीतरी ठासून सांगतो, बाकीचे मान डोलावतात आणि चौघांच्याही पेपरात तीच चूक उतरते. खरे तर प्रबलन धन असो वा ऋण, त्याने वर्तन वाढते; शिक्षेने कमी होते. गाडीत बसल्यावर सीटबेल्टचा अलार्म कटकट करतो, बेल्ट लावला की थांबतो. त्रास टळतो म्हणून बेल्ट लावणे वाढते, हे ऋण प्रबलन. बेल्ट न लावल्याबद्दल दंड भरावा लागला आणि बेल्टशिवाय गाडी चालवणे कमी झाले, ही शिक्षा. गोंधळ झाला की दोनच गोष्टी विचारायच्या: वर्तन वाढले की घटले? काही मिळाले की निघून गेले? ‘ऋण’ हा शब्द फक्त दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. वाद झालाच तर मतदान घेऊ नये, पुस्तक उघडावे.

गैरसमज ४: मी ‘व्हिज्युअल’, तू ‘ऑडिटरी’, आपले जमायचे नाही.

वस्तुस्थिती: आवड वेगळी असते, पण त्या आवडीनुसार शिकवल्याने जास्त येते याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये उपलब्ध संशोधन तपासून काढला. पद्धत विषयाने ठरवावी. चेतापेशीची आकृती सगळ्यांनीच काढायची आणि सिद्धान्त सगळ्यांनीच तोंडी समजावून सांगायचा.

गैरसमज ५: आदल्या रात्री एकत्र जागलो की झाले.

वस्तुस्थिती: हर्मान एबिंगहाउस याने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून निष्कर्ष काढले आणि 1885 मध्ये ते प्रसिद्ध केले. बारा अक्षरसमूहांच्या याद्या एकाच दिवशी 68 वेळा घोकून जेवढा फायदा झाला, तेवढाच तीन दिवसांत विभागून 38 वेळा म्हटल्याने झाला. शिवाय शिकलेले पक्के होण्यात झोपेचा वाटा मोठा असतो. रात्रभर जागून त्यावरच पाणी सोडायचे म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार.

तेव्हा एकदाच सहा तास बसण्यापेक्षा चार दिवस दीड-दीड तास बसावे. जिथे अडखळलो ते प्रश्न वेगळ्या कागदावर उतरवावेत आणि दोन दिवसांनी तेच पुन्हा विचारावेत, जो सर्वांत गप्प बसतो त्याला आधी.