आधी हद्द, मग तार

अब्बा भोसरी एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून त्यांनी चाकणच्या पुढे दोन गुंठे जागा घेतली. "आमचं आयुष्य भाड्याच्या खोलीत गेलं, मुलांना तरी आपली माती असावी," असं ते म्हणत. आपल्या वाचकांत अशी घरं पुष्कळ असतील. राहायचं नेहरूनगरला नाहीतर चिखलीला, आणि पै पै साठवून चाकण, आळंदी, तळेगावच्या बाजूला एक तुकडा घ्यायचा. जागा घेतली की जो तो एकच सल्ला देतो: आधी कुंपण घाला, नाहीतर कुणीतरी घुसेल.

आम्हीही घाई केली. ओळखीतून ठेकेदार मिळाला. फोनवर भाव ठरला, निम्म्याहून जास्त रक्कम उचल दिली, कागद काहीच नाही. एजंटच्या माणसाने चुन्याच्या रेघा मारल्या आणि दोन दिवसांत खांब उभे राहिले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या जागेचे काका आले. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "चाचा, तुमची तार माझ्याकडे सरकलीय असं वाटतं. एकदा मोजून बघू." दोघांचे दस्त आणि त्यांचे नकाशे समोर ठेवले, कोपऱ्यातल्या जुन्या दगडापासून टेप लावला. तार एक फूट त्यांच्या जागेत होती. ती बाजू 66 फुटांची, म्हणजे 66 चौरस फूट जागा आम्ही नकळत दाबली होती.

त्या रात्री अब्बा जेवले नाहीत. ज्याने दुसऱ्याची वीतभर जमीन अन्यायाने घेतली, त्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचं ओझं पडेल, या अर्थाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. "नकळत झालं ते झालं," अब्बा म्हणाले, "पण आता कळलंय. आता एक दिवस ठेवलं तरी ते जाणूनबुजून होईल." सकाळी ठेकेदाराला फोन केला, तर तो उचलेना. शेवटी दुसरा कारागीर बोलावून खांब काढले. खर्च दुप्पट झाला. त्यातून जे शिकलो, ते तुमच्यासाठी लिहिते आहे.

हद्द सरकारी मोजणीने ठरवा. मोजणीचा अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमि अभिलेख कार्यालयात करायचा असतो. फी भरली की तारीख मिळते, लगतच्या धारकांना नोटीस जाते, भूकरमापक येऊन हद्दीच्या खुणा दाखवतो आणि नंतर मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत मिळते. ती दस्ताबरोबर जपून ठेवा. गुंठ्याने घेतलेल्या जागेत एक अडचण येते. सातबारावर अनेकांची नावं एकत्र असतात. अशा वेळी पोटहिश्शाच्या मोजणीला सगळ्या सहधारकांची संमती लागते. म्हणून जागा घेतानाच बाकीच्यांची ओळख करून घ्या, मोबाइल नंबर घेऊन ठेवा.

कार्यालय कोणतं, ते विचारा. महापालिकेच्या हद्दीत पिंपरी-चिंचवड महापालिका, चाकण गावात नगरपरिषद, बाहेरच्या बऱ्याच गावांत पीएमआरडीए. पक्की भिंत बांधायची असेल तर परवानगी आणि उंचीची मर्यादा तिथेच विचारून घ्या. आणि वहिवाटीचा रस्ता कधीही अडवू नका. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदार असा अडथळा काढायला लावू शकतात. कायदा नसता तरी लोकांची वाट अडवणं आपल्याला शोभत नाही.

माल समजून घ्या. तारेच्या गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड. 10 गेजची तार साधारण सव्वातीन मिलिमीटर असते, 12 गेजची सुमारे 2.6 मिलिमीटर. 'जीआय' म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली तार. साधी तार पावसात लवकर गंजते. 33 बाय 66 फुटांच्या दोन गुंठ्यांचा घेर 198 फूट. आठ फुटांवर एक खांब धरला तर साधारण पंचवीस खांब लागतात. कोपऱ्यांवर ताण जास्त, म्हणून तिथे दोन्ही बाजूंनी तिरके टेकू हवेत. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीत उथळ रोवलेला खांब हलतो. खड्डा दीड-दोन फूट खोल घेऊन त्यात काँक्रीट भरायला सांगा, आणि ते भरताना घरातलं कुणीतरी समोर उभं राहा.

ठेकेदाराचं जुनं काम पाहा. एक पावसाळा काढलेलं कुंपण बघा, खांब हलवून पाहा, त्या घरमालकाशी बोला. दोन-तीन ठिकाणचे भाव घ्या. भाव रनिंग फुटाचा असेल तर त्यात खांब, काँक्रीट, मजुरी, वाहतूक आणि गेट धरलंय का, ते आधीच विचारा.

सगळं लिहून घ्या. गेज, खांबांची संख्या, खड्ड्याची खोली, मुदत, हप्ते, आणि चूक झाल्यास दुरुस्ती कुणी करायची, हे सगळं. ओळखीच्या माणसाकडून कागद मागायला आपल्याला संकोच वाटतो. पण सूरह बकरात उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायला सांगितलं आहे. लिहिणं म्हणजे अविश्वास नव्हे; त्याने दोघांचंही मन साफ राहतं. उचल थोडी द्या, शेवटचा हप्ता काम तपासल्यावर. मात्र खड्डे खणणाऱ्या मजुराचा रोज संध्याकाळीच त्याच्या हातात पडतोय ना, हे बघा. घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही आपली शिकवण आहे. ठेकेदाराशी वाद झाला तरी मजुराचं पोट त्यात अडकता कामा नये.

आमचं दुसरं कुंपण उभं राहिलं, तेव्हा ते काका पहिल्या खांबापासून हजर होते. दोरी त्यांनी एका टोकाला धरली, अब्बांनी दुसऱ्या टोकाला. मधली बाजू दोघांची म्हणून तिचा खर्च त्यांनी आपणहून निम्मा दिला. अब्बा नको म्हणत होते, तर ते म्हणाले, "चाचा, तुम्ही खांब काढलेत, तेव्हाच मी ठरवलं होतं."

कोपऱ्यातला तो जुना दगड आम्ही बुजवला नाही. त्याला चुना लावून ठेवलाय. अब्बा तिकडे गेले की आधी त्याच्यावरचं गवत काढतात.