दात वाचवण्याचे पैसे कोण देतं?

दाढ किडली की सिमेंट, सिमेंट भरायला उशीर झाला की रूट कॅनल, रूट कॅनलवर कॅप. यातल्या प्रत्येक कामाचा दर दवाखान्यात ठरलेला असतो. दाढ किडूच नये म्हणून डॉक्टरांनी पेशंटला बसवून वीस मिनिटं समजावलं, तर त्याचा दर बहुधा कुठेच लिहिलेला नसतो. दाताच्या डॉक्टरांबद्दल लोकांच्या मनात जो संशय असतो, त्याचं मूळ इथे आहे. संशय अगदीच निराधार नाही, पण त्यातून काही चुकीच्या समजुती घट्ट बसल्या आहेत आणि त्यांचा फटका पेशंटलाच बसतो.

गैरसमज : दात किडायचे थांबले तर दवाखाने बंद पडतील, म्हणून डेंटिस्ट खरा उपाय सांगतच नाहीत.

वस्तुस्थिती : इतिहास याच्या उलट आहे. २५ जानेवारी १९४५ रोजी अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरात पिण्याच्या पाण्यात ठरावीक प्रमाणात फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली. त्यामागचं संशोधन करणारे ट्रेंडली डीन स्वतः दंतवैद्य होते. पुढच्या काळात तिथे जन्मलेल्या मुलांमध्ये दात किडण्याचं प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक घटलं. अमेरिकेतल्या डेंटिस्टांच्या संघटनेने १९५० मध्येच या उपायाला पाठिंबा दिला. आपल्या दवाखान्यातली गर्दी कमी करणारा उपाय एका व्यवसायाने स्वतः शोधावा आणि त्याचा प्रचारही करावा, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे पाण्यात फ्लोराइड मिसळण्याचा मार्ग उपयोगाचा नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या अनेक गावांत भूजलात ते आधीच जास्त आहे आणि त्याने दातांवर डाग पडतात, हाडंही दुखावतात. इतरांसाठी फ्लोराइडची टूथपेस्ट हा स्वस्त आणि सिद्ध झालेला उपाय आहे. भारतात पेस्टमधल्या फ्लोराइडची कमाल मर्यादा १००० पीपीएम आहे आणि त्याचं प्रमाण ट्यूबवर छापणं बंधनकारक आहे. पुढची पेस्ट घेताना ते वाचा.

गैरसमज : डॉक्टर म्हणाले सिमेंट भरा, म्हणजे भरायलाच हवं.

वस्तुस्थिती : गोड किंवा पिठूळ खाल्लं की तोंडातले जंतू त्यापासून आम्ल तयार करतात. आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली की दाताच्या वरच्या कवचातून कॅल्शियम आणि फॉस्फेट निघून जातात. लाळ ते हळूहळू परत आणून देते. दिवसातून किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याला महत्त्व आहे ते यामुळेच. प्रत्येक गोड चहाबरोबर ही झीज नव्याने सुरू होते. सुरुवातीला दातावर फक्त खडूसारखा पांढरा डाग दिसतो, खड्डा नसतो. या टप्प्यावर फ्लोराइड, नीट ब्रशिंग आणि खाण्यातला बदल यांनी झीज थांबते, भरूनही येते. एकदा ड्रिल लावलं की दाताचा तो भाग कायमचा गेला. सिमेंट काही वर्षांनी बदलावं लागतं आणि दर वेळी भोक थोडं मोठं होतं.

मग अशा दाताला ड्रिल का लागतं? झुरिकमधल्या अर्थतज्ज्ञांनी याची थेट परीक्षा घेतली. उपचाराची गरज नसलेला एकच पेशंट त्यांनी १८० डेंटिस्टांकडे पाठवला. चारातल्या एकाहून अधिक भेटींत त्याला अनावश्यक उपचार सुचवला गेला. आसपास दवाखाने किती आहेत, याने विशेष फरक पडला नाही. ज्यांच्याकडे अपॉइंटमेंट लगेच मिळत होती, म्हणजे खुर्ची रिकामी होती, त्यांनी अनावश्यक उपचार जास्त सुचवले. भारतात आज ३०० हून अधिक दंत महाविद्यालयं आहेत. कर्ज काढून खुर्ची आणि एक्स-रे मशीन घेतलेल्या तरुण डॉक्टरच्या डोक्यावर हप्ता असतो. अशा वेळी पांढरा डाग 'भरण्यासारखा' वाटू लागणं शक्य आहे, आणि त्यासाठी माणूस लबाड असावा लागत नाही.

हेही लक्षात ठेवा की दोन डॉक्टरांची मतं वेगळी निघाली म्हणजे त्यातला एक चोरच असतो असं नाही. १९९७ मध्ये 'रीडर्स डायजेस्ट'चा पत्रकार विल्यम एकनबार्गर अमेरिकेत ५० डेंटिस्टांकडे गेला. त्याच्या एकाच तोंडासाठी ५०० डॉलरपासून जवळपास ३० हजार डॉलरपर्यंतचे अंदाज त्याला मिळाले. यात लोभ होताच, पण थांबून पाहायचं की लगेच भरायचं, याबद्दल प्रामाणिक डॉक्टरांमध्येही मतभेद असतात.

गैरसमज : दुधाचे दात पडणारच, त्यांच्यावर उपचार म्हणजे पैसे उकळणं.

वस्तुस्थिती : दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात असतात. त्या किडल्या तर मूल खात नाही, झोपत नाही, पू होतो. त्या लवकर काढाव्या लागल्या तर कायमच्या दातांची जागा बिघडते. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली कायमची दाढही अनेक पालकांना दुधाचीच वाटते. तिच्या खाचांवर सिलंटचा संरक्षक थर लावणं, किंवा कीड जागीच थांबवणारं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड वापरणं, हे स्वस्त उपाय आहेत. दुसऱ्या उपायाने किडलेला भाग काळा पडतो, हे आधी सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. दवाखान्याला त्यातून फार मिळत नाही, म्हणून पालकांनीच विचारलेलं बरं.

गैरसमज : दर सहा महिन्यांनी तपासणी केलीच पाहिजे.

वस्तुस्थिती : ज्यांचे दात वारंवार किडतात त्यांना लवकर बोलवावं लागतं. इंग्लंडमधल्या अधिकृत मार्गदर्शनानुसार धोका कमी असलेल्या प्रौढाने दोन वर्षांनी गेलं तरी चालतं. दुखत असेल, सूज असेल तर मात्र थांबू नका.

गैरसमज : कामागणिक पैसे देणं बंद केलं की प्रश्न सुटेल.

वस्तुस्थिती : इंग्लंडने २००६ मध्ये सरकारी सेवेत तसा प्रयत्न केला. उपचारांचे गट पाडून प्रत्येक गटाला ठरावीक गुण दिले आणि पैसे त्या गुणांवर ठरवले. एक दात भरा किंवा पाच भरा, गुण तीनच. परिणामी जास्त दात किडलेला पेशंट घेणं तोट्याचं ठरू लागलं. २०२२ मध्ये तीन किंवा अधिक दातांसाठी पाच गुण द्यावे लागले. स्कॉटलंडने मात्र खर्च खुर्चीपासून दूर नेला. 'चाइल्डस्माइल' कार्यक्रमात बालवाडीतल्या बाई मुलांकडून रोज फ्लोराइडच्या पेस्टने दात घासून घेतात. कार्यक्रमाच्या आठव्या वर्षी उपचारांवरची अंदाजे बचत त्याच्या खर्चाच्या अडीच पटींहून अधिक होती. आपल्याकडे अंगणवाड्या आहेत आणि सेविकाही आहेत. हे इथे करता येईल असं मला मनापासून वाटतं.

डॉक्टरांवर नियमांचं बंधन आहे. भारतातल्या डेंटिस्टांसाठीच्या २०१४ च्या नीतिसंहितेनुसार पेशंट पाठवण्यासाठी कमिशन देणं किंवा घेणं निषिद्ध आहे. पण समोरच्या दाताला ड्रिल लावायचं की थांबायचं, हे संहिता ठरवू शकत नाही. तिथे तुमचे प्रश्न कामी येतात. खड्डा पडलाय का? एक्स-रेमध्ये कीड कुठपर्यंत दिसते? सहा महिने थांबलो तर काय होईल? चांगले डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाहीत. आणि त्यांनी "आता काही करायला नको, असं घासा, हे खाणं कमी करा" एवढंच सांगितलं, तर 'काही केलंच नाही' म्हणून फीवरून घासाघीस करू नका. त्या सल्ल्याची फी पूर्ण द्या.